दाराच्या सहा बाजू

ओहोळकाका कुणाच्याही घरी गेले की आधी नमस्कार करत नाहीत. शर्टाच्या खिशातून तळहाताएवढा गोल आरसा काढतात, "आई गं, गुडघे," म्हणत खाली बसतात आणि जवळच्या उघड्या दाराखाली आरसा सरकवून त्यात डोकावतात. मग उठतात, आरसा बाहीला पुसतात आणि घरमालकाला, वाईट बातमी द्यावी तशा आवाजात सांगतात, "खालून कोरं आहे." म्हणजे दाराच्या खालच्या कडेला रंग लावलेला नाही. नमस्कार, चहा, तब्येतीची चौकशी हे सगळं त्यानंतर.

दिल्लीतल्या आमच्या ओळखीची बहुतेक मराठी घरं या तपासणीत नापास झालेली आहेत. एकदा एका सहसचिवांच्या बंगल्यावर गणपतीला गेलो होतो. आरतीची वेळ झाली आणि काका दिसेनात. शोधलं तर गेस्टरूमच्या दाराशी पालथे. सहसचिवांच्या मिसेसना वाटलं चक्कर आली, म्हणून त्या बिचाऱ्या पाण्याचा ग्लास घेऊन धावल्या. काका पडल्या पडल्या म्हणाले, "मॅडम, पाणी मला नको. तुमचं दारच पितंय. खालून." पुढच्या वर्षी आम्हाला त्या गणपतीचं बोलावणं आलं नाही.

काका ख्रिस्ती आहेत, दर रविवारी न चुकता चर्चला जातात. पण उपदेश चालू असताना त्यांचं लक्ष वेदीशेजारच्या लहान दाराकडे असतं, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं आहे. त्या दाराची वरची बिजागरी सैल आहे म्हणे.

"दाराला बाजू किती?" हा त्यांचा आवडता प्रश्न. समोरचा माणूस बेसावधपणे "दोन" म्हणतो आणि अडकतो.

"सहा!" काका म्हणतात. "पुढची, मागची, बिजागरीची, कडीची, वरची आणि खालची. लोक चार रंगवतात आणि दोन देवावर सोडतात. ओल बरोबर त्या दोघींतून आत शिरते. मग दार फुगतं, आणि बोलणार काय? लकडी खराब थी जी!"

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण एक गोष्ट आत्ताच कबूल करून टाकते. ग्रेटर नोएडातल्या माझ्या घरात आठ दारं आहेत आणि मला त्यांचा माझ्या मुलाच्या डिग्रीपेक्षा जास्त अभिमान आहे. मुलाला हे माहीत आहे. तो म्हणतो, पाहुण्यांना तू मला नंतर भेटवतेस, आधी दारं दाखवतेस. खरं आहे ते.

काकांची आणि माझी ओळख वीसेक वर्षांपूर्वीची. मी मंत्रालयात नोकरीला, सुधीर, म्हणजे माझा नवरा, दुसऱ्या मंत्रालयात, आणि राहायला आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर. त्या क्वार्टरच्या बाथरूमचं दार दर पावसाळ्यात अडकायचं. सरकारी कॉलनीत असल्या तक्रारी ज्या ऑफिसात लिहायच्या त्याला 'इन्क्वायरी' म्हणतात. तिथून येणारे सुतार आल्या आल्या रंधा काढायचे, दार तासायचे आणि सही घेऊन जायचे. थंडीत लाकूड आक्रसलं की त्याच दाराला एवढी फट पडायची की आतल्या माणसाशी बोलता यावं.

त्या वर्षी ओहोळ नावाचे फोरमन स्वतः आले. मी तेव्हा मुलाला मराठीतून फैलावर घेत होते. ते दाराशी उभे राहिले, माझं रागावणं संपेपर्यंत थांबले आणि मग शुद्ध नगरी मराठीत म्हणाले, "ताई, हे दार आत्ता तासलं तर डिसेंबरात यातून मांजर जाईल. मी ऑक्टोबरात येतो."

मी मनात म्हटलं, आला हा. सरकारी माणूस, टाळायचं कसं हे यांना बरोबर कळतं. पण ऑक्टोबर लागला आणि एका सकाळी न बोलावता, पुन्हा तक्रार न लिहिता, काका हजर! दार उतरवलं, खालची-वरची कड घासली, रंगवली, दोन दिवस आमच्या बाल्कनीत ठेवलं आणि मग चढवलं. आम्ही ते क्वार्टर सोडेपर्यंत ते दार पुन्हा कधी अडकलं नाही. तेव्हापासून मी त्यांना काका म्हणायला लागले.

काका विसाव्या वर्षी नगरहून दिल्लीला आले ते सरकारी सुतार म्हणून. चाळीस वर्षं त्यांनी अधिकाऱ्यांच्या घरांना दारं लावली. निवृत्त झाले तसं क्वार्टर गेलं, काकूही गेल्या, आणि आता ते मुनिरकात एका खोलीत भाड्याने राहतात. आजूबाजूला सगळी परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं. मुलगी रूथ गुडगावला मोठ्या कंपनीत आहे, चौदाव्या मजल्यावर तिचा स्वतःचा फ्लॅट आहे. ती येऊन राहा म्हणते आणि काका जात नाहीत.

"का हो काका?" एकदा मी विचारलं.

"तिची दारं कारखान्यातनं रंगवूनच आली," काका म्हणाले. "मला कळायच्या आत लागली पण."

मला वाटलं गंमत करताहेत. मी हसले.

आम्ही घर बांधायला काढलं तेव्हा काकांना बोलावणं भागच होतं. आमचे ठेकेदार चौधरीजी. माणूस चलाख, हसतमुख आणि सदैव घाईत. काका पहिल्या दिवशी साइटवर आले, आतल्या खोलीत गेले आणि नव्या प्लास्टरला गाल लावून डोळे मिटून उभे राहिले. चौधरीजींनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

"घर अजून ओली बाळंतीण आहे, ताई," काका डोळे उघडून म्हणाले. "तिला एवढ्यात पाहुणे नकोत."

मग त्यांनी आम्हाला क्रम सांगितला. हा क्रम मला आता झोपेत विचारला तरी येतो. चौकटी भिंतींबरोबर उभ्या राहतात ते ठीक. पण पल्ले, म्हणजे खरी दारं, त्यांची घाई करायची नाही. आधी प्लास्टर पूर्ण वाळू द्यायचं. मग फरशी. मग भिंतींना रंगाचा पहिला हात. तोवर दारं याच घरात आडवी निजवून ठेवायची, त्यांना इथली हवा समजू द्यायची. मग एकदा नुसती लावून बघायची, जिथे घासतील तिथे तासायची आणि परत उतरवायची. आडवी ठेवून सहाही बाजूंनी रंगवायची. भिंतींचा शेवटचा हात झाला, सगळे मजूर गेले, धूळ बसली, की मगच कायमची चढवायची.

"म्हणजे घर झालं की मग दार?" सुधीरने विचारलं.

"नाही साहेब. दार झालं की मग घर."

चौधरीजी हसून लोटपोट. "मॅडमजी, मैं दो दिन में आठों पल्ले टाँग दूँगा, तीसरे दिन पेंट मार दूँगा. ये अंकल तो दरवाज़ों की कुंडली मिला रहे हैं!"

सुधीरचं मत चौधरीजींच्या बाजूचं होतं. माझंही थोडं तसंच होतं, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी परत जाताना काका मेट्रो स्टेशनच्या पायऱ्यांशी थांबले. म्हणाले, "ताई, चाळीस वर्षं हुकमाने दारं लावली. साहेब म्हणाले परवा उद्घाटन आहे, तर उद्या लावली. ओल्या भिंतीत, ओल्या रंगात. ती अडकणार हे मला लावतानाच माहीत असायचं. एक घर मला मनासारखं करू द्या. फक्त एक." मी त्यांना शब्द दिला.

आणि तो मोडला. म्हणजे मोडू दिला.

झालं असं. नोव्हेंबर आला आणि नेहमीप्रमाणे दिल्लीवर धूर बसला. बांधकामं थांबवण्याचा हुकूम निघाला, आमचंही काम ठप्प झालं. वास्तुशांतीचा मुहूर्त मार्गशीर्षातला होता, साताऱ्याहून सासूबाईंची तिकिटं काढलेली होती. बंदी उठली तेव्हा हातात जेमतेम दहा दिवस. काका म्हणाले, आता थंडी आहे, धुकं आहे, रंग वाळणार नाही, दारं फेब्रुवारीच्या शेवटी. वास्तुशांत पडदे लावून करा. सुधीर माझ्यावर उखडला. "पाहुण्यांना पडद्याच्या बाथरूममध्ये पाठवायचं? बिल्कुल नाही!" काका चार दिवस एका लग्नासाठी नगरला गेले आणि त्या चार दिवसांत चौधरीजींनी तीन दारं टांगली, दोन बाथरूमना आणि एक बेडरूमला, आणि टांगलेल्या अवस्थेतच फर्रकन रंगवलीसुद्धा. मी बघत होते. थांबवलं नाही.

काका परत आले, तिन्ही दारांकडे एकदा बघितलं. आरसासुद्धा काढला नाही. "छान," म्हणाले आणि निघून गेले. एवढं 'छान' मला आयुष्यात कधी लागलं नव्हतं.

वास्तुशांतीच्या दिवशी गुरुजी आले आणि सोवळं नेसायला त्या बेडरूममध्ये गेले. दार लावून घेतलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग आतून आवाज आला, "अहो, जरा दार उघडता का?"

दार उघडेना. वरून वाळलेला दिसणारा रंग कडेने ओलाच होता आणि दार चौकटीला असं चिकटलं होतं की जणू एकच लाकूड. सुधीरने खांदा लावला. चौधरीजींनी खांदा लावला. सुधीरच्या मामांनी खांदा लावला आणि त्यांचाच खांदा धरला. इकडे मुहूर्त टळत चाललेला. शेवटी गुरुजींनी आतूनच संकल्प सांगायला सुरुवात केली, आणि आम्ही दोघं बाहेर पाटावर बसून एका बंद दाराकडे तोंड करून "मम" म्हणत होतो. सासूबाईंनी डोक्याला हात लावला.

काका आले होते, मागे उभे होते. मी उठून त्यांच्याकडे गेले. मला तोंड वर करवेना. त्यांनी पिशवीतून पातळ पात्याची पुट्टीची सुरी काढली, सगळ्यांना बाजूला केलं आणि चौकटीच्या फटीतून ती सुरी वरपासून खालपर्यंत, मग तिन्ही कडांनी, लोण्यातून फिरवावी तशी फिरवली. मग तळव्याने एक हलका धक्का दिला. दार सुटलं. सोवळ्यातले गुरुजी बाहेर आले आणि त्यांनी आधी काकांना नमस्कार केला.

"मी सांगितलं होतं" हे तीन शब्द काका बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही, नंतरही कधी नाही. चौधरीजींनाच ते सहन झालं नाही. ते म्हणाले, "अंकल, गलती हो गई." काका म्हणाले, "होती है बेटा. मैंने चालीस साल की है."

त्यानंतर दिवसभर एकही दार लावून घ्यायची कुणाची हिंमत झाली नाही. बाथरूमना जुन्या साड्यांचे पडदे लागले आणि सुधीरने नियम केला, आत जाणाऱ्याने गात राहायचं, गाणं थांबलं की जागा रिकामी. मामांनी जुनी भावगीतं म्हटली. सासूबाईंना फक्त अभंग येतात, आणि बाथरूममध्ये देवाचं नाव घेणं त्यांना पटेना, म्हणून त्यांनी आत जाऊन खणखणीत आवाजात एकोणतीसचा पाढा म्हटला. चुकल्या नाहीत हे विशेष.

संध्याकाळी सुधीर स्वतः काकांकडे गेला. म्हणाला, "काका, तीनही दारं उतरवा. आता तुम्ही म्हणाल तेव्हा."

आम्ही तो सगळा हिवाळा साड्यांच्या आडोशाने काढला; बाहेरच्या दाराला तेवढा तात्पुरता पत्रा. फेब्रुवारी सरत आला, धुकं गेलं, वाऱ्याला अजून धूळ आली नव्हती, आणि एका सकाळी काका आले. मुनिरका ते ग्रेटर नोएडा म्हणजे मेट्रो, मेट्रो आणि मग रिक्षा, पण रोज आठच्या ठोक्याला दारात. हॉलमध्ये लाकडी घोड्या मांडल्या आणि त्यांवर दारं आडवी घातली. फरशीवर पाण्याचा शिडकावा केला. मग माझ्याच घरात मला नियम लागले. लोकरीचा स्वेटर घालून हॉलमध्ये यायचं नाही, तंतू उडतात. फोडणी नाही, धूर बसतो. सासूबाईंची उदबत्ती गॅलरीत. पंखा बंद. आणि शिंक आली तर आधी बाहेर पळायचं.

रोज एकच हात. मग पूर्ण दिवस वाळणं, पॉलिशपेपरने घासणं, ओल्या फडक्याने पुसणं, पुन्हा हात. काका दाराची खालची कड रंगवायचे ती सगळ्यात सावकाश. मी विचारलं, "हे कोण बघणार आहे?" म्हणाले, "दार बघतं ना." होळीच्या दिवशी गल्लीतली पोरं पिचकाऱ्या घेऊन आली तेव्हा काका आमच्या फाटकात खुर्ची टाकून सकाळपासून दुपारपर्यंत बसले. स्वतः गुलाबी, हिरवे, जांभळे होऊन घरी गेले. दारांवर एक थेंब नाही.

होळीनंतर दारं चढली. प्रत्येक स्क्रूची खाच सरळ उभी, एकही तिरकी नाही. तुम्ही येऊन बघा, मी दाखवेन. एका बोटाने ढकललं की दार जातं आणि जिथे सोडाल तिथे थांबतं, पुढेही नाही, मागेही नाही. लावताना कडीचा टिक असा बारीक आवाज होतो, तेवढाच. चौधरीजी आता नव्या गिऱ्हाइकांना आमच्या घरी आणतात आणि म्हणतात, "ऐसा काम करता हूँ मैं." माझी मान आपोआप ताठ होते.

काकांनी मोबदला घ्यायला साफ नकार दिला. सुधीरने फार आग्रह केला तेव्हा म्हणाले, "एक मागू? एका रविवारी रूथला घेऊन येऊ का? हिकडे? दहा मिनिटं."

"दहा मिनिटं कसली काका, जेवायलाच या," मी म्हटलं.

आले. फाटकातून "ताई!" म्हणून हाक मारणारे काका त्या दिवशी बेल वाजवून बाहेर थांबले. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. रूथ पस्तिशीची, दमलेली, सुट्टीच्या दिवशीही हातात फोन. आणि ज्या माणसाने सहसचिवांच्या मिसेसना सोडलं नाही, तो सोफ्याच्या कडेवर बसून हवापाण्याबद्दल बोलत होता. मेट्रोत गर्दी होती, यंदा उन्हाळा लवकर. दाराबद्दल अवाक्षर नाही. मी खुणा केल्या, "काका, दाखवा ना." ते पुटपुटले, "त्यात काय दाखवायचं. दारंच तर आहेत."

तेवढ्यात रूथला फोन आला. "एक मिनट," म्हणून ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटलं. टिक. काका उठून उभे राहिले. मुलं परीक्षेला बसल्यावर आईबाप शाळेबाहेर उभे राहतात तसे. जरा वेळाने दार उघडलं, पण ती बाहेर आली नाही. दार पुन्हा लागलं. पुन्हा उघडलं. तीनदा, चारदा. मग ती दारातच उभी राहून कडेवरून हात फिरवायला लागली.

"बाबा, ये... हे तुम्ही केलं?"

"हं."

"सगळी?"

"आठ."

"तुमचं ऑफिस म्हणजे हे होतं?" ती म्हणाली. "मी शाळेत सांगायचे, बाबा गव्हर्नमेंटमध्ये आहेत. बस एवढंच माहीत होतं मला. एकदा पण दाखवलं नाहीत."

काका खाली फरशीकडे बघत म्हणाले, "कुणाच्या घरात नेऊन दाखवणार होतो? साहेबलोकांची घरं ती. बेल वाजवून काय सांगायचं, माझ्या मुलीला तुमचं दार बघायचंय?" मग म्हणाले, "एकदा नेलं होतं तुला. पाच वर्षांची होतीस. एका बंगल्याची सगळी दारं मी केली होती. गेटवरच्याने आत सोडलं नाही. मग तुला इंडिया गेटला आइसक्रीम घेऊन दिलं."

"आइसक्रीम आठवतंय मला," रूथ म्हणाली.

सुधीर खिडकीबाहेर बघायला लागला. मग रूथने फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि काकांचा हात धरला. "चला. पहिल्यापासून दाखवा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. होळीपर्यंत ज्यांनी मला माझ्याच हॉलमध्ये शिंकूही दिलं नव्हतं, ते परवानगी मागत होते. मी नुसता हात केला, जा म्हणून, आणि सुधीरला ओढून स्वयंपाकघरात नेलं. सगळं जेवण तयार होतं, तरी आम्ही तासभर तिथेच उभे राहिलो. एकेका खोलीतून काकांचा आवाज येत होता, आधी हळू, मग नेहमीसारखा खडा. आणि मधूनमधून रूथचा, "थांबा बाबा, हे परत सांगा."